हुकूमबाई आणि एकतीस सह्या

हुकूमबाईंनी कुणाला हुकूम सोडल्याचं मला एकदाही आठवत नाही. शिपायाकडे खडू मागायचा असला तरी "बघा हं, सापडला तर" म्हणायच्या. रिक्षावाल्याने भलत्याच रस्त्याने नेलं तरी गप्प बसून राहायच्या. नाव पडलं ते त्यांच्या शिकवण्यामुळे. त्या आम्हाला नववीला मराठी शिकवत, आणि आवाहन, पत्रक असलं काही लिहायची वेळ आली की या एवढ्याशा, हळू बोलणाऱ्या बाई एकदम वेगळ्याच व्हायच्या.

'कृपया' हा शब्द त्या लाल पेनाने इतक्या जोरात खोडायच्या की कागद फाटायचा. "कृपया लिहिलंस की समोरच्याला 'जमणार नाही' म्हणायला जागा करून दिलीस," म्हणायच्या. आधी कारण, मग आज्ञा, आणि आज्ञा अशी की वाचणाऱ्याला उठून लगेच करता आली पाहिजे. एकाने 'पर्यावरणाचे रक्षण करा' असं लिहिलं, तेव्हा बाईंनी त्याला फार आदराने विचारलं, "म्हणजे आपण मधल्या सुट्टीत नेमकं काय करणार आहात?" बाई 'आपण'वर आल्या की वर्गाला घाम फुटायचा.

गुण देण्याची त्यांची रीतही निराळी होती. लिहिणाऱ्याचं नाव न सांगता त्या आवाहन वाचून दाखवायच्या आणि एक कोरा कागद वर्गात फिरवायच्या. ज्याला पटलं त्याने सही करायची. जितक्या सह्या तितके गुण. "नाव सांगितलं तर तुम्ही मैत्रिणीला सही द्याल, वाक्याला नाही," हे त्यांचं म्हणणं. माझ्या लिखाणाला कधी सहाच्या वर सह्या पडल्या नाहीत आणि ते मला फार लागायचं.

आमची शाळा सोलापूर रस्त्याला लागून होती. समोर सिग्नल नव्हता, गतिरोधक नव्हता. बाईंनी त्यावरच आवाहन लिहायला सांगितलं. मी रविवारभर बसून लिहिलं. कारणं आधी दिली, आणि शेवटी तीनच वाक्यं लिहिली: उद्या सकाळी सातला फाटकापाशी या. एकमेकांचे हात धरा. रस्त्यात उभे राहा, गाड्या थांबेपर्यंत हलू नका.

एकतीस सह्या पडल्या. "याला म्हणतात लिहिणं," बाई म्हणाल्या आणि कागद पुन्हा एकदा वाचला. त्या इतक्या खूश झाल्या होत्या की 'हा नुसता सराव आहे' हे सांगायचं राहूनच गेलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या सुनीतानेही ठळक अक्षरात सही केली होती. ते माझं आहे हे तिला दुसऱ्या दिवशी सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सातला एकोणीस जण आले. आम्ही हात धरले, रस्त्यात उतरलो, आणि गाड्या खरोखर थांबल्या. मला वाटलं, माझ्या वाक्यांनी थांबल्या. तेवढ्यात मागून आलेल्या मोटरसायकलवाल्याने थांबलेल्या टेम्पोला चुकवायला गाडी बाजूला घातली. रांगेच्या त्या टोकाला सुनीता होती. तिचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. ती शाळेच्या धावण्याच्या संघात होती. त्यानंतर ती कधी धावली नाही.

मुख्याध्यापकांनी वर्गात येऊन विचारलं, हे कुणी लिहिलं? मी वहीत मान घातली. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. "विषय माझा, वाक्यंही माझीच," त्या म्हणाल्या. "मुलांनी फक्त सह्या केल्या." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पालकांच्या सभेला सुनीताचे वडील लोणी काळभोरहून आले होते. आरडाओरडा केला नाही. "बाई, पोरीला लिवायला शिकवा म्हनलं हुतं," ते म्हणाले, "गाडीम्होरं उभं ऱ्हायला न्हाय." बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." त्या नोकरीत कायम नव्हत्याच. दिवाळीनंतर नवीन बाई आल्या.

तरी वर्ष संपेपर्यंत त्या दर रविवारी बसने लोणीला जात. सुनीताचा बुडालेला अभ्यास वहीत उतरवून नेत. घरचे त्यांना आत घेत नसत. त्या वही ओट्यावर ठेवून परत येत. हे मला सुनीतानेच सांगितलं, रागाने. मी ऐकून घेतलं.

आता मी हिंजवडीत एका ॲपच्या कंपनीत आहे. 'आत्ताच उघडा', 'संधी सोडू नका' असली वाक्यं दिवसाला पन्नास लिहिते, आणि लोक ती ऐकतात. चार वर्षांपूर्वी एकदा धीर करून बाईंकडे गेले. बुधवार पेठेत एका दुकानावरच्या खोलीत त्या शिकवण्या घेत होत्या. म्हटलं, "बाई, मी तेव्हा बोलायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "तू चौदा वर्षांची होतीस. मी नव्हते." मग चहा ओतता ओतता विचारलं, "सुनीता बोलते ना अजून तुझ्याशी? मग राहू दे." मला हवं होतं तेच त्या बोलल्या, आणि मी लाजिरवाण्या हलक्या मनाने जिना उतरले.

मागच्या महिन्यात शाळेच्या ग्रुपवर बाई गेल्याचं कळलं. सगळ्यांनी हात जोडले. सुनीताने काहीच लिहिलं नाही. त्या शनिवारी मी लोणीला तिच्या घरी गेले. ती तिथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. अजूनही पाय ओढत चालते. चहा ठेवायला उठली, तेव्हा तिच्या पाठीकडे बघत मी सांगून टाकलं, की ते मी लिहिलं होतं, बाईंनी नाही.

तिने गॅस बंद केला. वाटलं, आता पायाबद्दल बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

"त्या वह्या मी कधी उघडल्यासुद्धा नाहीत गं," ती म्हणाली. "खिडकीतून बघायचे. उन्हात उभ्या असायच्या. पाणीसुद्धा दिलं नाही कधी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू मला सांगून मोकळी झालीस. मी आता कुणाला सांगू?"