शेथची रेघ

माझ्या दादाचं नाव शेथ. लोक हटकून शेठ म्हणायचे. खिशात दमडी नाही आणि म्हणे शेठ! तोही हसून ओ द्यायचा.

बायबलमधलं जुनं हिब्रू नाव ते. हव्वेचा हाबेल सख्ख्या भावाच्या हातून मेला, त्यानंतर तिला हा मुलगा झाला. 'हाबेलच्या ऐवजी देवानं मला हा दिला,' म्हणून तिनं त्याला शेथ म्हटलं. अर्थ नेमून दिलेला, जागेवर ठेवलेला. आमचा थोरला भाऊ तापानं गेला, पाठोपाठ दादा जन्मला आणि आईनं हव्वेचाच कित्ता गिरवला. मी तोंडाची फटकळ, म्हणून विचारते: मूल म्हणजे काय दाराची कडी आहे, एक तुटली की दुसरी बसवली?

स्वयंपाकघराच्या चौकटीवर थोरल्याच्या उंचीच्या रेघा होत्या. दर वाढदिवसाला आई दादाला तिथं उभं करून त्याच रेघांशी ताडून बघायची, त्याची वेगळी रेघ ओढायची नाही. तो टाचा उचलून थोरल्याला गाठायला बघायचा. एका वर्षी शेवटच्या रेघेच्या वर गेला. शाबासकीसाठी त्यानं मान वळवली, तर आई पेन्सिल न उचलताच ओट्याकडे वळली होती. पुन्हा तिनं त्याला कधी मोजलं नाही.

दादा सुतार झाला. गावभर दारं बसवली. आमच्या चौकटीला वाळवी लागली तेव्हा मी म्हटलं, "दादा, नवी बसव की रे."

"नको. आई रोज हात फिरवते तिच्यावर."

"तुझी रेघ कुठाय तिथं?"

"मी आहे की धडधाकट! मला कशाला हवी रेघ?"

हसला मेला. मला मात्र भडभडून आलं.

गेल्या महिन्यात रंधा मारता मारता छातीत कळ आली आणि दादा गेला. माती देऊन घरी आलो. मी पोटुशी. आईचं सांत्वन करायला मावशी म्हणाली, "हिला मुलगा झाला तर शेथच ठेवू नाव. तेवढंच समाधान."

आई कडाडली, "खबरदार! माझ्या शेथच्या ऐवजी कुणी नकोय मला."

हे ऐकायला दादानं अख्खा जन्म काढला होता.

मग तिनं त्याच्या हत्यारांच्या पिशवीतून पेन्सिल काढली आणि चौकटीपाशी गेली. थोरल्याच्या शेवटच्या रेघेवरून तिचा हात वर सरकत गेला आणि अडला.

"केवढा होता गं तो?"

मी दादाला रोज बघत होते. तरी मला सांगता येईना.