पूजेची पुस्तकं

जानेफळला आमच्या शेजारी एक बडे जमीनदार राहत. त्यांची इतिहासाची दुर्मीळ पुस्तकं परवा संग्रहालयात काचेआड पाहिली. वर त्यांचा फोटो, खाली ‘थोर ग्रंथप्रेमी’. एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लाल डाग होता आणि शेजारी चिठ्ठी: ‘प्राचीन लाल शाईची खूण.’ लोक माना डोलवत फोटो काढत होते. कसली शाई अन् कसलं काय! दरवर्षी दसऱ्याला हे जमीनदार पुस्तकांचं कपाट उघडायचे, पुस्तकांना हळद-कुंकू वाहायचे आणि पुन्हा कुलूप ठोकायचे. वर्षभर आत वाचन करायची ती फक्त कसर. मी नवा मास्तर झालो तेव्हा त्यातलं एक पुस्तक मागायला गेलो होतो. हे ग्रंथप्रेमी खेकसले, “मास्तर, हे पूजेची पुस्तकं हायेत. वाचाले तुमच्या शाळेत नाहीत काय?”