वळणावरची पाटी

माझ्या भाचीला गल्लीत सगळे ‘बाटली’ म्हणतात. दारूशी काही संबंध नाही हो, उगाच भलतंसलतं मनात आणू नका. ती नगरपरिषदेच्या पर्यावरण खात्यात आहे. हवा, झाडं, विहिरी, नद्या, सगळ्यांची नाडी बघणारं खातं ते. हिच्या वाट्याला नदी आली. गमबूट घालून पाण्यात उतरायचं आणि प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे आपल्याच पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत येत नाही. मग बाटली भरून बर्फाच्या पेटीत घालायची आणि प्रयोगशाळेत पोचवायची. घरी आली की आधी हात धुणार, मग बोलणार.

तिचा बाप, म्हणजे माझा दादा, जन्मभर नळकाम केलेला माणूस. वहिनी गेली आणि तो मिटला. जेवायला हाक मारली तर यायचा, नाही मारली तर नाही. एकच गोष्ट सुटली नव्हती. सकाळी घरामागच्या पायऱ्या उतरून नदीच्या वळणावर पोहायचा. वर आला की थोडा वेळ तरी माणसासारखा बोलायचा. त्या नदीला मी मनातल्या मनात हात जोडायची.

परिषद पूर्वी फक्त पुलाखालचं पाणी तपासायची. यंदा बाटलीनेच साहेबांच्या मागे लागून वळणाची जागा त्यात घालून घेतली. “लोक जिथे पोहतात तिथलं नको का बघायला?” म्हणाली. बघितलं, आणि पाणी घाण निघालं. संडासातले जंतू. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. मग पाटी लावायलाही तीच आली. ‘येथे पोहू नये.’

दादा टॉवेल घेऊन पायरीवर उभा होता.

“काढ ती,” तो म्हणाला.

“पाणी स्वच्छ आलं की मीच काढीन, बाबा.”

“बापाच्या दारात पाटी लावतेस? शाब्बास!”

तेव्हापासून त्याने पोरीशी अबोला धरला. पोहणं बंद, बोलणं बंद. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचा, दाढीसुद्धा करेना. ती ताट घेऊन समोर उभी राहिली तरी मान वळवायचा नाही. मला इतका संताप यायचा, दोघांचाही! “अरे, तिने काय नदीत विष कालवलं?” मी दादावर ओरडायची. आणि तिला म्हणायची, “बाई गं, तपासायला तुला दुसरी जागा नाही मिळाली?” एकदा ती स्वयंपाकघरात माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. “बाबा असेच बसून राहिले तर आईमागोमाग जातील गं, आत्या.” मलाही तेच दिसत होतं.

आता घाण कुठून येते ते शोधण्यावाचून इलाज नव्हता. गल्लीचा निकाल तयारच होता: वरच्या अंगाचं हॉटेल. दादाचंही तेच मत. खात्याची पद्धत साधी आहे. एकेका घराच्या संडासात हिरव्या रंगाची पूड टाकून पाणी सोडायचं आणि काठावर उभं राहून बघायचं. नदीत हिरवं आलं की घर सापडलं. हॉटेलात टाकली, काही नाही. शेजाऱ्यांकडे टाकली, काही नाही. आमच्या दारात आल्यावर बाटलीचा सहकारी संकोचला. “तुमचं राहू द्या, काका. तुम्ही तर स्वतः नळकामातले.”

दादा ताडकन उठला. “का राहू दे? टाका! उद्या लोक म्हणतील, पोरगी परिषदेत म्हणून बाप सुटला.”

वरच्या मजल्यावर टाकली, काही नाही. मग खालच्या संडासात टाकली. पायऱ्यांशेजारी पावसाच्या पाण्याचा एक पाइप नदीत उघडतो. त्यातून हिरवंगार पाणी भळाभळा आलं, बरोबर पाटीखाली, दादा पोहायला उतरायचा तिथेच.

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे गुडघे हे असे, तो खालचा संडास वापरणारी घरात मी एकटी! म्हणजे इतकी वर्षं... जाऊ द्या, सांगवत नाही. शेजारीण तोंडावर हात ठेवून खुदुखुदु हसत होती, तिला नंतर बघून घेतलं.

पण दादाकडे बघून माझी लाज पळाली. तो संडास त्याने वहिनीसाठी बांधला होता. ती इस्पितळातून घरी यायची होती आणि जिना चढणं तिला शक्य नव्हतं. घरामागे जमिनीत दोन पाइप शेजारी-शेजारी जातात, एक मैल्याचा, एक पावसाच्या पाण्याचा. ‘पुढच्या चेंबरचं झाकण उघडून बघितल्याशिवाय जोड मारायचा नाही,’ असं हाताखालच्या माणसांना त्याने जन्मभर ओरडून सांगितलं. त्या दिवशी मात्र स्वतः उघडलं नाही. घाई होती, जीव थाऱ्यावर नव्हता, आणि जोड बसला तो पावसाच्या पाइपाला.

दादा मटकन पायरीवर बसला. “ती विचारायची,” तो म्हणाला. “अहो, हे पाणी जातं कुठे? नदीत तर नाही ना जात? मी म्हणायचो, बरोबर जागी जातं, तू झोप.”

बाटली त्याच्याजवळ जाऊन बसली. किती दिवसांनी त्याने तिच्याकडे बघितलं.

“खोटं नव्हतो गं बोललो तिच्याशी.”

“ठाऊक आहे मला, बाबा.”

परिषदेची माणसं येऊन करतील, असं ती परोपरीने सांगत होती, पण ऐकतो कसला! फरशी त्याने स्वतःच फोडली. काम संपेपर्यंत मी वरचा जिना चढले आणि पायरीपायरीला त्याचा उद्धार केला. जोड मारण्याआधी त्याने झाकण उघडून बघितलं, मग पोरीला बोलावून तिलाही बघायला लावलं. तरी पाटी लगेच निघत नाही. पाणी लागोपाठ स्वच्छ यावं लागतं. तोवर ती नमुना घ्यायला उतरली की दादा काठावर पेटी धरून उभा राहायचा.

पाटी निघाली त्या सकाळी तो दाढी करून, खांद्यावर टॉवेल टाकून आला. बाटलीने पाटी काखेत मारली होती. जन्मात कोणाला काही न विचारणारा माझा भाऊ पायरीवर थांबला आणि तिला म्हणाला, “जाऊ का?”

“जा ना, बाबा.”

तरी तो उभाच. “तुझ्या आईला कळायला हवं होतं गं,” म्हणाला. “आता खरंच बरोबर जागी जातं.”

“मग सांगा की तिला,” बाटली म्हणाली. “पाण्यात गेलात की तिच्याशीच तर बोलत असता.”

दादा पाण्यात उतरला. मी घरात येऊन चहाचं आधण ठेवलं.