नानांना बर्फ पडताना बघायचा होता

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी मीटिंगमध्ये हसत होतो. विनोद साहेबाचा होता, त्यामुळे हसणं भागच होतं. मुग्धाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन मी दोनदा कापला आणि तिसऱ्यांदा बाहेर जाऊन जरा चढ्या आवाजातच "काय आहे?" म्हणालो. "नाना गेले," ती म्हणाली. रत्नागिरीत, पहाटे, झोपेतच. मी पार्किंगमध्ये उभा होतो, इकडे परदेशात दुपार झाली तरी हॅमिल्टनचं धुकं उठलं नव्हतं, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आता वर डोंगरावर बर्फ पडत असेल..." सासरे गेल्यावर जावयाने काय बोलावं याचे काही संकेत असतात. मला ते कधी जमले नाहीत. पण मुग्धा चिडली नाही. "असेल," एवढंच म्हणाली.

माझ्या सासऱ्यांनी उभं आयुष्य बर्फ विकला. रत्नागिरीच्या बंदराजवळ त्यांचा बर्फाचा कारखाना होता. मासेमारीच्या होड्यांना लाद्या पुरवायच्या, हा धंदा. त्यामुळे ते आणि माई, म्हणजे सासूबाई, पहिल्यांदा आमच्याकडे, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात, राहायला आले आणि मी ऐटीत "नाना, तुम्हाला बर्फ दाखवतो" म्हणालो, तेव्हा सगळं घर हसलं. नाना तेवढे हसले नाहीत. "लाद्या खूप पाहिल्या हो जावईबापू. वरून पडताना नाही पाहिला. फुकटचा बर्फ कसा असतो ते एकदा बघायचंय."

"फुकटचा म्हणे!" माई म्हणाल्या. "विमानाचं तिकीट विसरलात वाटतं."

झालं, मी कामाला लागलो. रुआपेहूचा डोंगर आमच्यापासून तीनेक तासांवर. तिथल्या स्की फील्डचा रोज सकाळी हवेचा अहवाल येतो : वर बर्फ किती, खाली किती, वारा कसा, कुठली लिफ्ट बंद, गाडीच्या चाकांना साखळ्या लागतील की नाही. चहाबरोबर तो वाचून मी आठवड्याभरात तज्ज्ञ झालो. अहवालात बर्फवृष्टी, वारा, साखळ्या असं दिसलं की मी हात वर करायचो : "आज नको, हवा खराब आहे." आणि आकाश निळंभोर असलं की सगळ्यांना गाडीत कोंबायचो. बर्फ खराब हवेतच पडतो, चांगल्या हवेत तो नुसता पडलेला असतो, हे माझ्यासारख्या इंजिनिअरच्या डोक्यात शिरायला एक अख्खा हिवाळा गेला.

त्या हिवाळ्यात नानांनी पाहिला तो पडलेला बर्फ. सकाळी रात्रभराच्या गारठ्याने तो फरशीसारखा टणक झालेला. अशा वेळी नवख्याने स्की बांधू नयेत. मी बांधल्या. "नाना, बघा हं आता," म्हणालो आणि पाठमोरा घसरत थेट नारिंगी जाळीत जाऊन अडकलो. पाचेक वर्षांची एक गोरी मुलगी झोकात माझ्यापाशी येऊन थांबली आणि "यू ओके?" म्हणून निघूनही गेली. नाना काठावरून शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे लादी अगदी अशीच घसरत यायची. फक्त ती ओरडायची नाही." दुपारपर्यंत ऊन तापलं आणि तोच बर्फ भिजवलेल्या पोह्यांसारखा झाला. नानांनी मूठभर उचलला, दाबून पाहिला. "चांगला आहे. पण हा कालचा," म्हणाले आणि हात झटकले.

दोन वर्षांनी ते पुन्हा आले, तेव्हा मी हट्टाने वाईटातला वाईट दिवस निवडला. डोंगराच्या पायथ्याशी भर वाऱ्यात गुडघ्यांवर बसून साखळ्या चढवल्या. तिथला माणूस आला, चाकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "राँग एंड, मेट." आमच्या गाडीची पुढची चाकं ओढतात आणि मी साखळ्या मागच्या चाकांना घातल्या होत्या. नाना आत बसून खोकला येईपर्यंत हसले. मी पुन्हा सगळं सोडून पुढे चढवेपर्यंत वारा वाढला आणि वरचा रस्ता बंद झाला. आम्ही होतो तिथे पाऊस होता. साधा, रत्नागिरीला शोभेल असा पाऊस.

"वर पडतोय का हो?" नानांनी विचारलं.

"वर पडतोय. इथून पाच-सातशे फुटांवर."

"म्हणजे जवळच की," म्हणत ते खाली उतरले. छत्री पहिल्याच झोतात उलटी झाली. ती तशीच हातात धरून ते ढगाकडे बघत उभे राहिले... बराच वेळ. आत आल्यावर माई शालीने त्यांचं डोकं पुसत पुटपुटल्या, "काय ते नसतं वेड!" मी म्हणालो, "पुढच्या वेळी नक्की, नाना." "हो, पुढच्या वेळी," ते म्हणाले.

पुढची वेळ आली नाही. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. मग आमच्या लेकीने, सानिकाने, त्यांना फोनवर त्या डोंगराचं थेट चित्र दाखवणारा कॅमेरा लावून दिला. तिकडे उजाडायचं तेव्हा इकडे आमची जेवणाची सुट्टी, नेमका त्यांचा फोन यायचा. "जावईबापू, तुमच्या डोंगरावर ढग उतरलेत. खालची लिफ्ट बंद दिसते. जेवलात का?" डोंगर माझ्या देशात आणि त्याची खबर मला रत्नागिरीहून! पण खरं वादळ आलं की कॅमेऱ्याच्या काचेवरच बर्फ साचायचा आणि चित्र करडं व्हायचं. "पाहुणे आले की दार लावून घेतो हा," नाना वैतागायचे. मी कितीदा तरी "नाना, कामात आहे, नंतर करतो," म्हणालोय. आता दुपारी डबा उघडला की डावा हात आपोआप फोनकडे जातो आणि फोन आपला गप्प.

गेल्या आठवड्यात मीच कॅमेरा उघडला. वारा अजिबात नव्हता, काच स्वच्छ होती आणि बर्फ पडत होता. मोठे मोठे पुंजके, सरळ खाली, कसलीही घाई नसल्यासारखे. लिफ्टच्या रांगेतली माणसं माना वर करून उभी होती. मी विचार न करता नंबर लावला. नानांचाच. दोन रिंगांनंतर फोन माईंनी उचलला, तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलंय ते.

"बोला," त्या म्हणाल्या.

"माई... पडतोय."

नसतं वेड म्हणतील, रडतील, मला वाटलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला ते यंत्र उघडता येत नाही," माई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, कसा पडतोय."

मी सांगायला लागलो. डबा तसाच राहिला, सुट्टी संपली, आतून कुणीतरी हाक मारली. "माई, ठेवू का?" मी विचारलं.

"अजून पडतोय ना?"

"पडतोय."

"मग राहू दे की थोडा वेळ," त्या म्हणाल्या.