वहिनीच्या अंघोळीला आलेला टँकर

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हर्सूलला होतो. शहागंजमागच्या आमच्या गल्लीत पोचलो, तर तोंडाशीच टँकर उभा. नगरसेवकानं पाठवला होता, तिच्या शेवटच्या अंघोळीसाठी. ज्या बाईनं पाण्यापायी वॉर्ड ऑफिसचे उंबरे झिजवले, तिला न मागता पाणी मिळालं ते त्या दिवशी... टँकरवाल्या बिचाऱ्याचा काय दोष? पण महिना होत आला, संताप काही उतरत नाही.

भाऊ लवकर गेला. वहिनीनं घर सांभाळलं आणि गल्लीही. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. आलं की घरोघरी मोटारी सुरू, थेट नळाच्या लाईनला जोडलेल्या. लाईन जुनी, गटाराला खेटून गेलेली. मोटारीनं ओढलं की फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरतं. वहिनी पदर खोचून दारोदार फिरायची. "मोटारी बंद करा. गटार ओढायले तुम्ही घरात." लोक तोंडावर बंद करायचे, ती पुढं गेली की पुन्हा चालू. गल्लीत तिला 'कलेक्टर' म्हणायचे. तिला ते आवडायचं, असा मला संशय आहे.

सुरुवातीचं वास मारणारं पाणी ओतून द्यायचं आणि मगच भरायचं, हा तिचा नियम. जिवावर यायचं, पण ती ओतायचीच. एकदा तिच्याबरोबर मीही ऑफिसात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही लोक मोटारी लावता म्हणून होतं हे."

"व्हय साहेब, लावतेत," वहिनी म्हणाली. "रोज पाणी द्या, मग कोण कशाला लावंल?"

साहेबांनी मोबाइल कानाला लावला आणि भेट संपली.

या उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबतच गेली. आलं तेव्हा करंगळीएवढी धार, पहिल्यापासून शेवटपर्यंत वासाची, आणि लगेच गेलंही. ओतून द्यायचं तर भरायचं काय? वहिनीनं तुरटी फिरवली, फडक्यानं गाळलं आणि तेच प्यायली. गल्लीत काविळीनं बरेच जण आजारी पडले. बाकीचे उठले, वहिनी उठली नाही. तिला मारलं. मी दुसरा शब्द वापरणार नाही.

परवा एकदाची गल्ली खणली. तेच साहेब आले होते. फुटक्या जोडावर माणसांनी टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि वरून माती लोटली. "सध्या एवढ्यावर भागेल," साहेब म्हणाले. दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग तो कुणी का असेना, ही वहिनीची सवय. तिच्या माठावर तिचा तांब्या अजून तसाच पालथा असतो. मी त्यात माठातलं, त्याच नळाचं पाणी भरलं आणि साहेबांपुढं धरलं. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी तांब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं... आणि ड्रायव्हरला गाडीतली बाटली आणायला सांगितलं.