भुऱ्याचे दहा दिवस

मानपाड्याच्या दौलत मढवीची बांधावर चालायची एक रीत होती. समोरून कोणी येताना दिसलं की तो वीस पावलं आधीच थांबायचा, भुऱ्याला हाक मारून जवळ घ्यायचा, त्याचा कान चिमटीत धरायचा आणि कुत्र्यासकट बांधावरून खाली शेतात उतरायचा. श्रावण-भाद्रपदात त्या शेतांत पोटऱ्यांपर्यंत चिखल. डोक्यावर पडवळांची नि शिराळ्यांची पाटी. समोरचं माणूस निघून जाईपर्यंत तो बगळ्यासारखा तिथेच उभा राहायचा, मग वर येऊन पाय झटकायचा आणि डोंबिवली स्टेशनच्या बाजाराकडे चालू लागायचा. भुऱ्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, दौलतच्या हातात साखळी नव्हती. मानपाड्यात कुत्र्याला बांधायची पद्धतच नव्हती.

सुमतीला हे रोज दिसायचं. गिरगावातली एक खोली सोडून ती आणि तिचा नवरा सुधीर चोपन्न साली डोंबिवलीत आले, ते लाइनीच्या पूर्वेला, शेतांना लागून नव्या बांधलेल्या चाळीत. सुधीर सकाळच्या गाडीने ठाण्याला कचेरीत जायचा आणि सुमती पाच वर्षांच्या लेकीला, हेमाला घेऊन बांधावरून बालवर्गाला सोडायला निघायची. वाटेत दौलत भेटायचाच. हेमा त्याला "काका, भुऱ्या जेवला?" म्हणून विचारायची आणि तो चिखलातून "जेवला गं बाय" म्हणायचा.

हेमाला त्यात मौज वाटायची, पण सुमतीचा जीव मात्र कानकोंडा व्हायचा. पंचावन्न वर्षांचा माणूस, आपल्या वडिलांच्या वयाचा, आणि आपण येताना दिसलो की चिखलात उतरतो. का? आपण इस्त्रीचं पातळ नेसतो म्हणून? ती बी.ए. झालेली होती, कॉलेजात समतेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली. घरी आल्यावर भाजी चिरताना तिला दौलतचे चिखलाने माखलेले पाय दिसत. आपल्यासाठी कोणी वाट सोडावी हे तिला सोसवेना.

एका सोमवारी ती थांबली.

"दौलतदादा, तुम्ही असे खाली उतरू नका हो. मला फार ओशाळल्यासारखं होतं. वाट काय माझ्या एकटीची आहे?"

"नाय बाय, सवय हाय."

"मग सवय मोडा. उद्यापासून सरळ चला. आम्ही कडेनं जाऊ."

दौलत हसला. "भादवा हाय, बाय. भादव्यात कुतऱ्याचा नेम नसतो."

हा नुसता भिडस्तपणा, असं सुमतीला वाटलं. "भुऱ्या काय आम्हाला नवा आहे? माझं ऐका तुम्ही," ती म्हणाली. सांगितलेलं ऐकलं जाण्याची सवय असलेल्या माणसाचा तो आवाज होता. दौलतने मान हलवली.

मंगळवारी तो उतरला नाही. एक हात पाटीला, एक हात भुऱ्याच्या कानाला, असा अंग चोरत समोरून आला. बांध तो केवढा! दोन माणसं एकमेकांना न घासता जायची नाहीत, तिथे दोन माणसं, एक पोर आणि एक कुत्रा. सुमतीने हेमाला आपल्याकडे ओढलं, हेमाचा पाय घसरून भुऱ्याच्या पंजावर पडला, आणि भुऱ्याने मान हिसडून कान सोडवला. पुढचं एका क्षणात झालं. हेमा किंचाळली तेव्हा तिच्या पोटरीवर दोन दात उमटले होते. पाटी शेतात, पडवळं चिखलात, आणि दौलत भुऱ्याला पोटाशी आवळून गुडघ्यांवर बसलेला.

स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी साबणाने जखम धुतली, कार्बोलिकने जाळली. हेमा रडून रडून निपचित पडली.

"कुत्रा ओळखीचा आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. मानपाड्यातल्या एकांचा."

"मग दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. खातोय, पितोय, धडधाकट आहे, तर काळजी नाही. मेला, पळाला, नाहीतर खायचा-प्यायचा थांबला, तर ताबडतोब ठाण्याला सिव्हिलमध्ये न्या. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"आत्ताच घेतली तर?"

डॉक्टर हात धुऊ लागले. "त्यांचाही त्रास होतो कधी कधी, बाई. हजारात एखाद्याचे पाय जातात. गरज नसताना मी पोरीला देणार नाही."

त्या संध्याकाळी दौलत चाळीत आला तेव्हा सुधीर त्याला वाटेल ते बोलला. "कुत्रं सांभाळता येत नाही तर पाळता कशाला? माझ्या पोरीला काही झालं तर तुम्हाला कोर्टात उभं करीन!" दौलत खाली मान घालून ऐकत होता. 'बाईनं सांगितलं म्हणून' एवढे शब्द त्याच्या तोंडून आले असते तर सुधीर गप्प झाला असता. ते आले नाहीत. आणि दाराआड उभ्या असलेल्या सुमतीच्या तोंडूनही आले नाहीत.

"रोज सकाळी आनून दाखवतू," एवढंच दौलत म्हणाला.

बुधवारपासून तो येऊ लागला. पायऱ्यांपासून लांब, चाळीच्या नळाशी उभा राहायचा. भुऱ्याच्या गळ्यात आता म्हशीचं दावं. पाणी तो घरून बाटलीत आणायचा, नारळाची करवंटीही घरचीच. भुऱ्या प्यायचा, मग दौलत हाक मारायचा, "बाय, बगून घ्या." सुमती बघायची. चाळीतल्या नंदाताई कठड्यावर रेलून म्हणायच्या, "काय गं, आजचा नैवेद्य झाला का?" चाळ हसायची. सुमतीला हसू यायचं नाही. भुऱ्या जरा थांबून प्यायला का? काल शेपूट अशीच होती का? रात्री ती उठून हेमाच्या कपाळाला हात लावायची, तिला उठवून घोटभर पाणी पाजायची आणि ती नीट गिळते का ते बघायची.

"आणि तो आणतो तो तोच कुत्रा कशावरून?" सुधीर एकदा जेवताना म्हणाला. "असली भुरी कुत्री गावात पन्नास असतील. ते मेलं तर दुसरं आणून उभं करील."



सहाव्या दिवशी दौलत आलाच नाही.

नऊ वाजले. सुधीर कचेरीत गेलेला. हेमाला नंदाताईंच्या हवाली करून सुमती मानपाड्याची वाट धावतच चालली. चपला चिखलात रुतत होत्या म्हणून तिने हातात घेतल्या.

दौलतच्या अंगणाला काट्यांचं कुंपण होतं. ती आत शिरली तर भुरा कुत्रा शेपूट हलवत समोर आला, उड्या मारत, अगदी टुणटुणीत. सुमतीचा जीव भांड्यात पडला.

"त्यो नाय, बाय." दौलत ओटीवरून उतरला. "त्याचा भाव त्यो. भुऱ्या तिकरं हाय."

शेवग्याच्या बुंध्याला बांधलेला भुऱ्या जमिनीला हनुवटी टेकून पडला होता. समोर भाकरी, भाकरीला मुंग्या.

"काल दुपारधरनं कायच खाल्लान नाय. पानीबी नाय. मंग तुमाला आनून काय दाखवू?"

समोर नाचणारा हा दुसरा कुत्रा दाव्याला बांधून तो घेऊन आला असता, तर तिला कधी कळलंही नसतं. पण हा विचार तिला पुष्कळ नंतर सुचला. त्या वेळी डोक्यात एकच होतं : हेमाला उचलायचं आणि ठाण्याची गाडी गाठायची.

"जावा, बाय," दौलत म्हणाला. "मी थांबा बोलनार नाय."

त्याची बायको आवडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "घोटभर पी आनि जा, पोरी. तोंड बघ कसा झालाय तुजा." मग हळूच म्हणाली, "ह्यांचा थोरला भाव, काळुराम, मिठागरावं पिसाळलेला कुतरा चावला न् गेला. दोरांनी बांधून ठेवलंवता शेवटाला. तवापासून ह्ये कुतऱ्याला कुनाच्या आंगाला लागू देत नाय. रस्त्यानं कोन आला की चिखलात उतरतील, काट्यात उतरतील. लोकं हसतात."

सुमतीने तांब्या तोंडाला लावला नाही. इतके दिवस तिला वाटत होतं, हा आपल्याला मान देतो. तो तर आपल्याला वाचवत होता.

"दौलतदादा, याला बांधलाय कधीपासून?"

"चावला त्या दिसापासून. तुमच्या चालीतली दोगंजन काठ्या घेऊन आलती. मोकला दिसला असता तर मारलाच असता."

"आणि त्याआधी?"

"जल्मात नाय बांधला."

सुमती कुंपणाशी उभी राहिली. गाडीला अजून अवकाश होता. भुऱ्याचे डोळे उघडे होते, तोंडाला फेस नव्हता. पण तिला काय कळतं? डॉक्टर नव्हते, सुधीर नव्हता, सगळं तिच्या एकटीच्या माथी.

"सोडून बघा," ती म्हणाली.

दौलतने आधी दुसऱ्या कुत्र्याला घरात घातलं, आवडाबाईला नि सुमतीला ओटीवर चढवून मधलं फळकुट लावलं, कुंपणाच्या दाराची झाप ओढली. हातात काठी घेतली. मग दावं सोडलं.

भुऱ्या हलला नाही. दौलतही हलला नाही. बऱ्याच वेळाने भुऱ्या उठला, अंग झाडलं, अंगणाला एक फेरी घातली, दुसरी घातली, एका खांबाशी तंगडी वर केली आणि गुरांच्या डोणीवर दोन पाय टेकून पाणी प्यायला लागला. लपलप असा आवाज ओटीपर्यंत आला. पोट भरून प्यायला, मग मुंग्यांसकट भाकरी खाल्ली.

"रुसलावता मेला," आवडाबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

सुमती फळकुट धरून म्हणाली, "दादा, मीच सांगितलं होतं तुम्हाला सरळ चला म्हणून. हे बोलले तेव्हा तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुमी सांगलात, मी आयकला. पन कुतरा तर माजा," दौलत म्हणाला. "कुतऱ्याचं मला ठावूक, तुमाला काय ठावूक? तुमच्या बोलन्यावं घालून कसा चालंल?"

ती तशीच डॉक्टरांकडे गेली. "पाणी प्यायला ते स्वतः पाहिलंत ना?" त्यांनी दोनदा विचारलं आणि थांबायला सांगितलं. पण तिचं मन थांबेना. दुसऱ्या दिवसापासून दौलतला यायला न लावता रोज सकाळी तीच मानपाड्याला गेली. झाप ओढलेली, भुऱ्या मोकळा, ती ओटीवर. सातवा दिवस, आठवा, नववा. दहाव्या दिवशी भुऱ्याने तिच्यासमोर सुकटीचं कालवण घातलेला भात खाल्ला आणि तिच्याकडे पाहून जांभई दिली. जांभईनेसुद्धा ती दचकली.

घरी आली तर सुधीर कचेरीला जायच्या गडबडीत होता. "झाले ना दहा? सुटलो!" त्याने हेमाला उचलून गरागरा फिरवलं. "आता त्या माणसाला म्हणावं, बांधावर पुन्हा दिसलास तर बघ."

"नका असं बोलू," सुमती म्हणाली.

"का? पोर माझी जाता जाता राहिली."

"माझ्यामुळे."

हेमा त्याच्या खांद्यावर होती. सुमतीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. समतेचं, चिखलाचं, भादव्याचं, 'माझं ऐका' म्हणाली ते, आणि दाराआड गप्प उभी राहिली तेही. त्याची गाडी चुकली.

"दहा दिवस तू हे मनात घेऊन झोपत होतीस?"

"झोपले कुठे?"

तो खुर्चीत बसला. हेमा त्याच्या मांडीवरून उतरून पोटरीवरची खपली बघत राहिली. मग तो म्हणाला, "चार लोकांत मी त्याला नाही नाही ते बोललो गं. कोर्टात उभं करीन म्हणालो. तोही ऐकून घेत राहिला."

"हो."

"रविवारी मी घरीच आहे," सुधीर म्हणाला. "मानपाड्यात शिरल्यावर त्यांचं घर डावीकडे की उजवीकडे?"