ती पुस्तकं उजवीकडून वाचतात

सुमेधच्या मोबाइलवर शेवटचा नंबर माझा होता, म्हणून पोलिसांचा फोनही मलाच आला. सुमेध माझा आतेभाऊ. मोहोळहून सोलापूरला येताना हायवेवर उभ्या असलेल्या ट्रकला त्याची गाडी मागून धडकली. त्याच्या थोडंच आधी तो माझ्याशी बोलला होता... "ताई, खोली पसंत पडली. दोघांना पुष्कळ झाली." मी म्हणाले, "हेल्मेट घाल आणि सावकाश ये." हेल्मेट घातलेलं होतं. काही महिने उलटले, तरी फोन वाजला की मी आधी नंबर बघते.

दोघं म्हणजे सुमेध आणि श्रीनिवास. सुमेध पतसंस्थेत क्लार्क होता, नुकतीच त्याची मोहोळ शाखेत बदली झाली होती. श्रीनिवास तेलुगू विणकराच्या घरातला, टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी काढतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. मला माहीत होतं, आत्याला नव्हतं. खरं तर आत्याला माहीत करून घ्यायचं नव्हतं, आणि ही कला आमच्या घराण्यात सगळ्यांना चांगली जमते. हे सगळं मी त्या दोघांना, म्हणजे आत्याला आणि श्रीनिवासला विचारून, नावं बदलून लिहिते आहे. आत्या म्हणाली, "लिही. लपवून काय मिळालं?"

त्यांची ओळख झाली ती जपानी चित्रकथांमुळे. त्यांना मांगा म्हणतात, आणि पडद्यावर आल्या की अ‍ॅनिमे. एका फोटो स्टुडिओच्या माडीवर दर रविवारी पाच-सहा जण जमायचे, लॅपटॉपवर अ‍ॅनिमे बघायचे आणि मग तावातावानं भांडायचे. मी एकदा चिवडा घेऊन गेले आणि अडकलेच. पडद्यावर दोन मुलगे एकमेकांकडे अशा नजरेनं बघत होते, की शेंबड्या पोरालाही कळावं. खाली इंग्रजीत अक्षरं उमटली, जिवलग मित्र. सगळी खोली ओरडली, "मित्र म्हणे!" कुणीतरी उशी फेकली. जे लिहिलं नाही ते वाचायचं, हाच त्यांचा खेळ होता, आणि तो ते जिवावर बेतल्यासारखे खेळायचे.

त्या गोष्टी बहुतेक अंधाऱ्याच असायच्या. मृत्यू, आजार, रक्त, एकटेपण. रुक्साना नावाची कॉलेजातली मुलगी एकदा चिडून म्हणाली, "हर बार येइच दोनो कायकू मरते? प्यार किया तो सजा?" सुमेध चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. तसाच म्हणाला, "मरतेत सगळेच की. मागं उरतो त्या दुसऱ्याला मोकळं रडता येत न्हाई बघ, तिथं मला लई भ्या वाटतं. अन् तेवढं तरी ही पुस्तकं खरं दाखवतेत." मी त्याला म्हटलं, "अरे, एखादी हसरी गोष्ट वाच की मेल्या!" मेल्या... किती सहज म्हणतो आपण. आता तो शब्द तोंडात आला तरी जीभ चावावीशी वाटते.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी मांडवात एकेक जण माइकवर येऊन बोलला. पतसंस्थेचे साहेब बोलले, गल्लीतले कार्यकर्ते बोलले. श्रीनिवास मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. सूत्रसंचालकानं "आणि समस्त मित्रपरिवार" असं म्हणून पुढचं नाव घेतलं. संपलं. मला उठून त्या माणसाच्या हातातला माइक हिसकावून घ्यावासा वाटला. श्रीनिवासनं लांबूनच मान हलवून मला नको म्हटलं.

त्यानंतर आत्यानं सुमेधचं कपाट उघडलं. ती दवाखान्यात आया होती, मरण तिनं जवळून पाहिलेलं आहे. पण सुमेधच्या उशाशी असलेलं पुस्तक तिनं हातात घेतलं, आपण उघडतो तसं उघडलं, आणि पहिल्याच पानावर एक पोरगा दुसऱ्याच्या मांडीवर मरून पडलेला. पान सगळं काळं. पुढे दवाखाना, पुढे समुद्राकाठी एकटाच चालणारा कोणी. इंग्रजी तिला येत नाही, चित्रं तेवढी कळली. तिनं पुस्तक मिटलं आणि तिच्या मनानं घेतलं, की पोरगा मुद्दाम ट्रकवर गेला. "मराया शिकवनारी पुस्तकं हाईत ही," ती आल्या-गेल्याला सांगू लागली. "पयल्या पानापास्नं मरनच हाय. माज्या लेकराला जगायचंच नव्हतं गं, अन् मला आईला कळलं न्हाई." ती जेवेना. काय सांगणार तिला? तिच्या पोराला जगायचं होतं याचा एकच पुरावा होता, ती मोहोळची खोली. आणि ती सांगायची म्हणजे श्रीनिवास सांगावा लागणार. तो सांगायचा हक्क माझा नव्हता.

मी श्रीनिवासला फोन केला. तो म्हणाला, "ताई, हाकलून दिलं तर?" मी म्हटलं, "ती मरेल रे अशानं." तो आला. आत्या पुस्तकं पोत्यात भरत होती. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला, तेच पुस्तक पोत्यातून काढलं आणि फिरवून तिच्यापुढे धरलं. "आई, तुमी मागून वाचलं. ही उजवीकडून वाचत्यात. सुरुवात ही हाय."

सुरुवातीला दोन पोरं एका सायकलवर होती, पेरूवरून भांडत. आत्या पानं उलटत गेली. जत्रा, परीक्षा, छत्रीखाली धरलेले हात. त्या हातांवर ती थांबली. मग श्रीनिवासकडे बघितलं, खूप वेळ.

"तू मांडवात मागं हुतास."

"व्हय."

"ह्यातला तू कोन?"

त्यानं छत्रीखालच्या एका हातावर बोट ठेवलं. मग सगळं एकदम आलं... मोहोळची खोली, दोघांचं राहणं, आणि ज्याची मला कल्पनाच नव्हती तेही. त्या दिवशी खोली बघायला तोही गेला होता. गल्लीतल्या कुणी एकत्र बघू नये म्हणून दोघं नेहमी वेगवेगळे परत यायचे. सुमेध गाडीवर, हा मागून एस्टीनं. हायवेवर एस्टी थांबली, पुढे अपघात झालाय म्हणाले. हा खिडकीपाशी बसून सुमेधला मेसेज करत राहिला, 'मला उशीर होईल.'

मला वाटलं होतं, हे कळल्यावर आत्याला थोडा धीर येईल. कसला धीर! तिनं असा हंबरडा फोडला, की तसा मी सुमेधच्या अंत्यविधीलाही ऐकला नव्हता. "जगायचं हुतं की गं त्याला! जगायचं हुतं!" शेजारच्या काकू धावत आल्या आणि श्रीनिवासला बघून दारातच थबकल्या. "ह्यो कोन?" आत्यानं त्याचा दंड घट्ट धरला होता. म्हणाली, "ह्येचा बी गेलाय."  काकू आत जाऊन दोघांसाठी पाणी घेऊन आल्या.

आता श्रीनिवास रविवारी दुपारी आत्याकडे येतो, समोरच्या दारानं. सगळं सुरळीत झालंय असं कुणी समजू नये. त्याच्या घरी अजून काहीच माहीत नाही, आणि आत्या पुष्कळदा त्याला दारात बघून तोंड फिरवते. पण थोड्या वेळानं ताट वाढते आणि दर वेळी तेच विचारते.

"त्या दिशी मोहोळात खाल्लं हुतं का रं त्यानं?"

"खाल्लं की, आई. भजी खाल्ली."

"पोटभर?"

"पोटभर. माझ्या प्लेटमधली पण त्यानंच खाल्ली."